करडांच्या खोलीतली भट्टी

निरगुडसरात थंडी सगळ्यांनाच वाजते, पण भगवंताएवढी कुणालाच वाजत नसे. दिवाळी सरली की हा गडी कानटोपी, कानटोपीवर मफलर, स्वेटरवर दुसरा स्वेटर आणि त्यावर बायकोची जुनी शाल असं बोचकं होऊन ओट्यावर बसायचा. समोरच्या आळीतले म्हातारे उघड्या अंगानं गोठे झाडत असायचे आणि हा चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेला. जाणारायेणारा विचारायचा, "भगवंतराव, चहा पिताय का शेकताय?"

"दोनी," असं म्हणून भगवंत शिंकायचा.

त्यात त्याचा दोष नव्हता. माणसाची उमेदीची वर्षं पिंपरीतल्या एका रबराच्या कंपनीत बॉयलरपुढं गेली होती. बॉयलर अटेंडंट, सेकंड क्लास. तसा सरकारी दाखला काचेच्या चौकटीत घालून त्यानं देवांच्या फोटोंशेजारी टांगला होता. धाकटा भाऊ चांगदेव इकडं उसाला दारं धरत होता, तेव्हा भगवंत तिकडं वाफेचा काटा सांभाळत भट्टीच्या तोंडाशी उभा होता. तिथला उष्मा अंगात असा मुरला, की भर मे महिन्यात गावी आला तरी म्हणायचा, "आज जरा गार सुटलंय." शनिवारच्या एसटीनं यायचं, रविवारच्या एसटीनं जायचं. मग नवीन शतकाच्या तोंडावर कंपनीनं व्हीआरएसची टूम काढली आणि भगवंत ट्रंक, दाखला आणि हाडात भरलेला उष्मा घेऊन कायमचा घरी आला.

आला खरा, पण घराला त्याचं काही काम नव्हतं. शेती चांगदेव बघायचा. भगवंत फावडं घेऊन बांधावर गेला, की चांगदेव मायेनं म्हणायचा, "दादा, तुमी बसा सावलीला. तुमाला सवय न्हाई." सावलीत बसलं की भगवंताला परत थंडी वाजायची.

आणि घरात होती कुशाबाई. त्याची बायको. नवरा पिंपरीला असताना पोराला वाढवलं, सासूचं केलं, दारात शेळ्यांचं खांड उभं केलं. शिवाय गावात कुणी बाळंत झालं, की शेक द्यायला बोलावणं कुशाबाईलाच. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपा, आणि शेजारी पदर खोचून कुशाबाई. कुणाला किती ऊब सोसते हे ती कपाळाला हात लावून सांगायची. तिच्यापुढं नवऱ्याच्या दाखल्याची मातबरी ती काय?

"तुमचं काम म्हंजी काय वो," ती चारचौघांत म्हणायची. "आयतं शेकत बसायचं अन् पगार उचलायचा. आमी इथं थंडीत मरत व्हतो."

बायका हसायच्या. भगवंतही हसायचा, पण ते बोलणं त्याच्या काळजात कुसळासारखं रुतायचं. ज्या धगीपुढं आपण सगळी जवानी उभी केली, तिथं ही बाई एकदाही आली नाही. तिला कळणार कसं? एकदा, फक्त एकदा, हिला तसल्या धगीत बसवायचं, एवढंच त्याच्या मनानं घेतलं.

कसं बसवायचं, ते मात्र त्याला फिनलंडच्या साहेबानं आधीच सांगून ठेवलं होतं.

हा साहेब कंपनीत मशीन बसवायला आला होता. नाव कुणाच्या जिभेवर बसेना. जरा ऊन लागलं की लालबुंद व्हायचा, म्हणून नारायणगावच्या एका हेल्परनं त्याचं नाव टोमॅटोसाहेब ठेवलं, ते चिकटलं. बाकीचे साहेब बॉयलरहाउसात नाकाला रुमाल लावून यायचे. हा मात्र जेवणाच्या सुट्टीत बादली पालथी घालून भट्टीपुढं बसायचा आणि डोळे मिटायचा. सुपरवायझरच्या मध्यस्थीनं त्यानं भगवंताला सांगितलं, की आमच्याकडं घरटी अशी एक तापलेली खोली असते. म्हातारीपासून नातवापर्यंत सगळं घर आत बसतं. तापल्या दगडांवर पाणी मारायचं, घाम काढायचा, मग बाहेर येऊन बर्फात लोळायचं.

"बर्फात?" भगवंतानं विचारलं होतं. "मंग तापायचंच कशाला?"

आता ओट्यावर कुडकुडताना त्याला त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं: बाहेर गारठा असतो, म्हणूनच आत तापायचं.

कांदे साठवायच्या बराखीला लागून विटांची एक ठेंगणी खोली होती. हिवाळ्यात करडं गारठू नयेत म्हणून कुशाबाईनंच ती बांधून घेतली होती. दार आत उघडणारं, बाहेरून लोखंडी कडी, आणि भिंतीच्या बुडाशी वारा यायला झरोका. कुशाबाई दोन दिवसांसाठी माहेरी गेली, तेवढ्यात भगवंतानं करडं पडवीत हलवली, खोली धुऊन काढली आणि ऑइलचं जुनं पिंप आडवं टाकून भट्टी केली. धुराड्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढला. पिंपावर लोखंडी चौकट, तिच्यात दगड. भिंतीला आंब्याच्या फळ्यांचे दोन बाक, एक खाली, एक वर.

कुशाबाई आली. तिनं पडवीतली करडं बघितली, धुराडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

"माझ्या करडांला भाईर काढून तुमी आत बसणार?"

"समद्यांनी बसायचं. तू सुदिक."

"मी? त्या खोलीत? माझं मढं नेलं तरी न्हाई बसायची." एवढं बोलून ती वैरण कापायला गेली.

पहिल्या दिवशी दोन गिऱ्हाइकं मिळाली. एक चांगदेव, भावाचा मान राखायला आलेला. दुसरा भागुजी. हा भगवंताचा शाळेपासूनचा जोडीदार, नारायणगाव डेपोचा रिटायर कंडक्टर. हयातभर गर्दीत उभा राहिलेला, त्यामुळं त्याला कुठंही बसायला मिळालं की आनंद व्हायचा. "चला, पुढं सरका, आत जागा हाय," म्हणत तो सगळ्यांत आधी वरच्या बाकावर जाऊन टेकला आणि तेवढ्याच वेगानं उठला. भगवंतानं बाकाचे खिळे वरून ठोकले होते. खिळ्यांची डोकी तापून भागुजीच्या बैठकीवर ओळीनं ठिपके उठले.

"तिकिटं पंच केली रं माझी!" तो ओरडला.

तोवर घोड नदीतून आणलेला एक गोटा फाडकन फुटला. त्याच्या पोटात पाणी राहिलं होतं. कपची कानावरून गेली तसा चांगदेव लंगोटावर पार बराखीपर्यंत पळाला. तिथं चारा घेऊन निघालेल्या शेजारच्या साळुबाईनं भारा टाकला आणि पदरात तोंड लपवून उलटी वाट धरली.

पण भगवंत बॉयलरचा माणूस. बिघाड झाला की त्याला हुरूप यायचा. त्यानं खिळे उपटून फळ्या खालून ठोकल्या. नदीचे गोटे फेकून विहिरीच्या खोदाईतले काळे दगड आणले, उन्हात वाळवले, बोटानं टिचकी मारून खणखणीत वाजले तेवढेच घेतले. रंग लावलेलं लाकूड जाळायचं नाही, नुसती वाळकी बाभूळ. काम झालं की बाक घासायचे, राख काढायची, आणि खोली सुकेपर्यंत दार सताड उघडं. नाहीतर फळ्या कुबट वास मारतात.

आत जाणाऱ्याची तर तो अशी झडती घ्यायचा, की खुद्द बॉयलर इन्स्पेक्टर लाजावा.

"जेवून आलास?"

"न्हाई."

"घेऊन आलास?"

"सकाळी सकाळी कोण घेतंय, भगवंतराव?"

"तुजं सांगता येत न्हाई. आंगठी काढ. घड्याळ काढ. करदोट्याला काय हाय? चांदीची पेटी? काढ ती, न्हाईतर बेंबीला डाग बसंल. ताक पी तांब्याभर. गरगरलं तर लाजायचं न्हाई, खालच्या बाकावर यायचं, न्हाईतर सरळ भाईर."

"येवढं तर पोलीस भरतीलाबी इचारत न्हाईत," भागुजी म्हणायचा. पण रोज यायचा. बर्फाची सोय नव्हती, तिथं विहिरीच्या पाण्याचा हौद होता. वीज कधी जाईल त्याचा नेम नसायचा, म्हणून हौद आधीच भरून ठेवावा लागे. अंगातनं वाफा निघणारी तीन माणसं सकाळच्या धुक्यात हौदात उतरायची आणि उकळत्या भांड्यांसारखी दिसायची.

गावाला वेगळाच वास आला. बंद खोली, धुराडं, आत भट्टी, आणि बाहेर येणाऱ्या माणसांचे डोळे लाल, पाय लटपटते. भगवंता गावठी काढतो, अशी आवई उठली. पोलीसपाटील चौकशीला आले. भगवंतानं त्यांचीही अंगठी काढून घेतली आणि त्यांना आत बसवलं. घटकाभरानं पाटील निथळत बाहेर आले, हौदात बुडी मारून वर आले आणि म्हणाले, "तक्रारीत तथ्य न्हाई. उद्या किती वाजता आसतं?"

अख्खं गाव विरघळलं, कुशाबाई काही विरघळेना. खांदा दुखतो म्हणून रात्री तेल चोळून घ्यायची, टाचांच्या भेगांत मेण भरायची, पण खोलीचं नाव काढलं की तोंड फिरवायची.

"अगं, एकदा बसून तर बघ. खांदा मोकळा हुईल."

"माझ्या करडांचं हाय ते. तुमी घुसलाय त्यात."

संक्रांत झाली. हळदीकुंकवाचे दिवस चालू होते. थंडी अशी पडली, की तिघांनी संध्याकाळचीही एक फेरी सुरू केली. त्या दिवशी भट्टी चांगली तापली होती. दार नुसतं लोटलेलं. भागुजी वरच्या बाकावर डेपोतली भांडणं सांगत होता, चांगदेव खालच्या बाकावर डोळे मिटून, आणि भगवंत हातात लोटा घेऊन दगडांवर बेताबेतानं पाणी मारत.

बाहेर शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरं वाजली. कुशाबाई रानातून आली असावी. मग दाराशी खट्ट झालं.

भगवंतानं तो आवाज ओळखला, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला क्षण गेला. कित्येक हिवाळे त्या बाईनं हेच केलं होतं. शेळ्या दावणीला बांधायच्या, आणि जाता जाता त्या दाराची कडी घालायची. ना बघायचं, ना विचार करायचा. हात आपोआप जायचा आणि कडी आपोआप बसायची.

"कुशे!" त्यानं हाक मारली. पण घुंगरांच्या आवाजात ती विरली आणि कुशाबाई नवं लुगडं नेसून साळुबाईकडं हळदीकुंकवाला निघूनही गेली.

भागुजीनं दार ओढलं. दार आत उघडणारं, त्याला खांदा मारूनही उपयोग नाही. त्यानं जुन्या सवयीनं दोनदा टकटक केलं.

"डबल बेल मारून गाडी निघती, दार उघडत न्हाई!" चांगदेव खेकसला, आणि दगड गार करायला त्यानं पाण्याची बादली उचलली.

"ठेव ती खाली!" भगवंत असा गरजला, की बादली आपोआप खाली आली. "त्या दगडांव पाणी मारलंस तर वाफंनं उकडून निघू. गप ऱ्हा. दोघंबी जमिनीला बसा. धग वर जाती, खाली न्हाई." त्यानं भट्टीचं तोंड झाकून तिचा वारा बंद केला. बादलीत पंचे भिजवून दोघांच्या डोक्यावर टाकले, उरलं पाणी घोटघोट प्यायला लावलं. "आता झरोक्याला नाक लावा. पाळीपाळीनं."

चांगदेव आयुष्यात पहिल्यांदाच थोरल्या भावाचं मुकाट ऐकत होता. दादाच्या आवाजात एवढी जरब आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

भागुजीनं जमिनीवर आडवं होऊन झरोक्याला तोंड लावलं आणि हाका मारल्या. हाकेला एक करडू आलं. आपल्या जुन्या खोलीत कोण आहे ते त्यानं वाकून बघितलं आणि भागुजीचं घामेजलेलं तोंड मिठासाठी चाटायला घेतलं.

"हाड! आरं, हाड! भगवंता, हे मला वारं घेऊ दीना!"

"चाटू दे. ओरडत ऱ्हा."

तिकडं साळुबाईच्या ओसरीवर कुशाबाईच्या कपाळाला कुंकू लागत होतं. पुढं तिनंच हे सांगितलं. कुणीतरी थट्टेनं विचारलं, "मालक कुठं, भट्टीवर का?" ती म्हणाली, "आसतील." आणि तिला आपला उजवा हात आठवला. कडी कोमट लागली होती. करडांच्या खोलीची कडी थंडीच्या दिवसांत कोमट कशी लागंल?

कपाळाला अर्धं कुंकू, एका हातात वाणाची प्लास्टिकची साबणदाणी, दुसऱ्या हातात नव्या लुगड्याचा ओचा, अशी कुशाबाई निरगुडसरच्या गल्लीतून धावली. मागं साळुबाई, तिच्यामागं हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका. कडी निघाली आणि तीन माणसं गुडघ्यांवर रांगत बाहेर आली. बायकांनी माना फिरवल्या, मग हळूच परत वळवल्या. तिघंही थेट हौदात.

भागुजीनं पाण्यातनं डोकं वर काढलं. "वहिनी, कंडक्टर आत आसताना गाडीला कुलूप घालत्यात व्हय?"

सगळ्या बायका हसल्या. कुशाबाई हसली नाही. ती साबणदाणी छातीशी धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी करडं खोलीत होती. बाकावर चढून लेंड्या टाकत होती.

"ती भट्टी आता पेटायची न्हाई," कुशाबाई चुलीकडं बघत म्हणाली. "ह्या हातानं तिघांला भाजून काढलं आसतं मी."

"तुजा काय दोष? हात सवयीनं गेला."

"म्हणूनच म्हणते. पुन्यांदा जाईल."

बाईचं म्हणणं खरं होतं. बॉयलरवर असताना वाफ कोंडली तर सुटायला वाट आहे का, हे तपासल्याशिवाय त्यानं कधी भट्टी पेटवली नव्हती. इथं दगड बघितले, खिळे बघितले, करदोटे बघितले, आणि दाराकडं ढुंकून पाहिलं नाही. आणि भट्टीच बंद राहिली, तर कुशाबाईला आत बसवायचं राहिलंच.

त्यानं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. उलटं फिरवून बाहेर उघडेल असं बसवलं. कडी उपटली, कोयंडा उपटला, भोकं लाकडानं बुजवली. आतून नुसतं बोट लावलं तरी उघडावं असं केलं, आणि मग ओट्यावर जाऊन म्हणाला, "इन्स्पेक्टरबाई, तपासणीला चला."

कुशाबाई आली. कडीची जागा बोटांनी चाचपली. दार दहादा ढकललं.

"अन् भाईरनं कुणी वैरणीचा भारा टेकवला तर? आं? मीच टेकवीन, उद्या."

हे भगवंताला सुचलं नव्हतं.

"भाईर एक माणूस बसंल," तिनंच निकाल दिला. "बाळंतिणीला शेक देताना मी उठून जाती का कधी? भाईर माणूस आसल्याबिगर आत कुणी जायचं न्हाई."

"मान्य."

"मला न्हाई पटत अजून. पेटवा भट्टी. मी आत बसून दार बघणार. तुमी भाईर थांबा."

भगवंतानं हसू गिळलं. करडं हाकलली, बाक घासला, बाभूळ पेटवली. खोली बेतानंच तापू दिली. कुशाबाई मंगळसूत्र काढायला तयार होईना, तेव्हा त्यानं ओला पंचा दिला, तो तिनं गळ्यावर मंगळसूत्राखाली-वर गुंडाळला. तांब्याभर ताक प्याली. आत गेली. दार लोटलं, लगेच उघडलं. लोटलं, उघडलं. मग लोटलं ते लोटलंच.

भगवंत बाहेर खाटेवर बसला. आतून चर्रर्र आवाज आला. पाणी मारलं म्हणायचं.

"बरं हाय ना गं?"

"हूं."

थोड्या वेळानं त्यानं परत विचारलं, "कुशे?"

"तुमी ह्याच्यात उभं ऱ्हायचा?"

"ह्याच्यापरीस जास्त. पाळी सुटंपर्यंत."

मग बाईचा आवाज आला, जरा ओला. "अन् मी म्हणायची आयतं शेकत बसत्यात. कधी सांगितलं न्हाई ते."

"सांगून का कळलं आसतं?"

"न्हाई कळलं आसतं," ती म्हणाली. परत चर्रर्र झालं.

"बास आता. पहिल्या खेपंला येवढं न्हाई बसायचं. ये भाईर."

"गप बसा वो. गावाला शेकणारी मी, मला शिकवताय? खांदा मोकळा व्हतोय."

"कुशे, खालच्या बाकाव तरी ये."

"खालीच हाय. बाळंतिणीची बाज का छताला टांगत्यात?"

कुडकुडणाऱ्या भगवंताला त्या संध्याकाळी खाटेवर घाम फुटला. तो दार उघडायला उठणार, तोच दार आतून अलगद उघडलं आणि कुशाबाई बाहेर आली. तोंड असं लालबुंद, की टोमॅटोसाहेबाची थोरली बहीण शोभावी. हौदाच्या कठड्यावर बसून तिनं पाण्यात पाय सोडले, आणखी तांब्याभर ताक प्याली आणि त्याच्या हातांवरचे भाजल्याचे जुने डाग निरखत राहिली.

"दार चांगलं हाय," ती शेवटी म्हणाली.

त्या वाक्यावर भगवंत आठवडाभर हवेत होता. मग खाली आला, कारण कुशाबाईनं कारभार हातात घेतला. करडांना बराखीपलीकडं नवी खोली झाली. सकाळ पुरुषांची, संध्याकाळ बायकांची. अंगावर पिणारं पोर आत न्यायचं नाही. पोटुशी बाई आत जाणार नाही. ज्याला बीपीची गोळी चालू त्यानं आधी डॉक्टरला विचारायचं. पिंपरीहून पोरगा सूरज आणि सून हर्षाली सुट्टीला आली, की सगळं घर बसायचं, आणि नात आरोहीला खोली नीट तापायच्या आधी खालच्या बाकावर, घटकाभरच.

आणि बाहेर एक माणूस, कायम. चांगदेवला शेत, भागुजीला बायकांच्या पाळीला लाज, सूरजला सोमवारची कंपनी. उरला कोण?

म्हणून हिवाळ्यात संध्याकाळी निरगुडसरात गेलात तर दिसायचं, की करडांच्या जुन्या खोलीतून बायकांचा खिदळण्याचा आवाज येतोय, धुराडं धूर सोडतंय, आणि बाहेर खाटेवर बॉयलर अटेंडंट, सेकंड क्लास, कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि शालीत गुंडाळून बसलाय. मांडीवर उबेला एक करडू.

"भगवंतराव, भट्टी तुमची अन् तुमीच भाईर?" जाणारायेणारा विचारायचा.

भगवंत शिंकायचा. मग दाराकडं मान वळवून मोठ्यानं विचारायचा, "आतली मंडळी, बरं हाय ना?"

"हाय!" आतून कुशाबाई ओरडायची. "दार सोडून हलू नका!"

"न्हाई हलत," भगवंत म्हणायचा, आणि करडू आणखी जवळ ओढायचा.